वावरातली अर्धा किलो माती

श्रावणातला दुसरा शनिवार

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर धाकट्या नवनाथचं डोकं. (ते सध्या ठिकाणावर नाही, तरी पायांवर ठेवण्यापुरतं चालेल.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? इकडे हिची कंबर धरली होती ती सुटली, बाकी सगळे खुशाल, आणि आई तर इतकी खुशाल आहे की तिच्यापायीच हे पत्र लिहायची वेळ आली. मनमाडला राहणाऱ्या भावाला आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण रेल्वेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तुम्ही फोनवर फलाटावर उभे असल्यासारखे ओरडता, आणि तुमचा शब्दन् शब्द आईला स्वयंपाकघरात ऐकू जातो. मला जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे. तेव्हा खुर्चीत नीट बसून वाचा. मी अजून सावरलेलो नाही.

अक्षय्यतृतीयेला तुम्ही आलात तेव्हा काय ठरलं ते आधी आठवा. सातपूरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढून, स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी गावी आलो आणि म्हणालो की अण्णांच्या माघारी पडून असलेलं तीन एकर आता मी कसतो. तुम्ही म्हणालात, आधी मातीची तपासणी कर. मातीत जीव निघाला तर कस, नाही निघाला तर ते रोपवाटिकावाले मागताहेत, त्यांना बारा वर्षांच्या कराराने देऊन टाकू. (ते वावरात मुरूम पसरणार, वर शेड ठोकणार आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये रोपं करणार. म्हणजे आपल्या मातीला काही कामच उरणार नाही, ती नुसती खाली दडपून पडणार.) पोळ्याला येऊन करारावर सही करायची की करार फाडायचा, हे तपासणीच्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल मी पाठवला, तुम्ही "शाब्बास" म्हणून कळवलंत. दादा, तो अहवाल आपल्या वावराचा नाही. लगेच उठू नका, पुढचं वाचा.

शेतीच्या खर्चाने मला पहिला धक्का दिला होता, पण आता तो धक्का मला गोड वाटतो. ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो आणि अर्धा तास बांधावर उभा राहून फोनवर बोलतो, तोही तासातच. निंदणीच्या बायकांना आणायला रिक्षा, पोहोचवायला रिक्षा, मध्ये चहा, आणि चहात साखर कमी पडली तर उद्या शेजारच्या सोमनाथच्या वावरात. खताच्या दुकानात एक गोणी मागितली तर त्याने गोणीवर कसल्याशा टॉनिकची बाटली ठेवली. मी विचारलं, ही कशाला? तर म्हणाला, गोणीबरोबर घ्यावीच लागते. मी म्हटलं, हिने होतं काय? म्हणाला, "बरं असतं." सव्वीस वर्षांत इतकं मोघम उत्तर मी कुठल्याही सप्लायरकडून ऐकून घेतलेलं नाही. मी गोणीही घेतली नाही आणि बाटलीही घेतली नाही. म्हटलं, आधी मातीला काय हवंय ते कागदावर येऊ दे, मग खतावर एक रुपया खर्च करीन.

नमुना मी कसा घेतला ते ऐका, म्हणजे चूक माझी नव्हती हे तुम्हाला पटेल. वावरात नागमोडी चालत आठ ठिकाणं धरली. बांधाजवळची जागा सोडली, बाभळीखालची सोडली, जुना उकिरडा होता तिथलीही सोडली. प्रत्येक जागी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, एक वीत खोल. (वीत माणसामाणसाची वेगळी, म्हणून मी पट्टी लावली.) प्रत्येक खड्ड्याशी झेंडी रोवली. शेजारच्या वावरातून सोमनाथ तासभर बघत होता, शेवटी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, काय हरवलं हाय का? मी बी शोधू लागतो." आठही खड्ड्यांची माती घमेल्यात कालवली, गोल पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले कालवले, पुन्हा चार भाग, असं करत करत अर्धा किलो उरली. ती ओट्यावर सावलीत वाळत घातली. आई म्हणाली, पिशवी मी शिवते. तिने नव्याकोऱ्या खणाची पिशवी शिवली, आत माती भरली आणि तोंड दोऱ्याने असं शिवून टाकलं की पोस्टाचं पार्सलही तितकं पक्कं नसतं. माझे डोळे भरून आले होते हो! म्हटलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी म्हातारी विज्ञानाला हातभार लावतेय.

नाशिकला प्रयोगशाळेत पिशवी दिली. अहवाल घ्यायला गेलो तर तिथल्या बाईंनी मला बसवून घेतलं, आतल्या एकीला हाक मारली, दोघींनी आत जाऊन मातीचा वास घेतला आणि बाहेर येऊन मला विचारलं, "काका, ती माती आहे की शेणखत?" मी ती स्तुती समजलो. सेंद्रिय कर्ब (म्हणजे मातीतला जीवच म्हणा) भल्याभल्या वावरांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघतो, आपला निघाला दोन पूर्णांक चार. पुढे लिहिलं होतं, अत्यंत जास्त. नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, खताची गरज नाही. नमुन्यात हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला म्हणून त्यांनी तो कागदात बांधून परत दिला. तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती की नाही? मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "आमच्या घरच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या राबलेली जमीन आहे ती." आणि तुकडा खिशात घालून छाती काढून बाहेर आलो.

मग काय, मारुतीच्या पारावर मी रोज भाषण देऊ लागलो. खताच्या गोण्या टाकणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, आधी माती ओळखा, खर्च आपोआप उतरतो वगैरे. सोमनाथने अहवालाची झेरॉक्स मागितली. मला वाटलं, त्याला शिकायचंय. त्याने ती झेरॉक्स स्वतःच्या वावराला लावली! का, तर मधे बांध एकच आहे, म्हणजे माती तीच. आम्ही दोघांनी मका पेरला आणि दोघांनी चिमूटभर खत टाकलं नाही. पंधरा दिवस मका छान दिसला. महिन्याने खालची पानं टोकाकडून पिवळी पडत शिरेशिरेने आत आली, अगदी माझ्या खड्ड्यांसारखा व्ही काढत. आजूबाजूचा मका छातीला लागलाय, आमचा दोघांचा अजून गुडघ्याशी घुटमळतोय. सोमनाथ आता माझ्याशी बोलत नाही. पारावर मी गेलो की त्याला अचानक म्हशीचं पाणी आठवतं.

शेवटी परवा मी कृषी सहायक मनालीताईंना बोलावलं. मुलगी वयाने हर्षालीएवढी (आमची हर्षाली अजून हरभरा आणि तुरीत गोंधळते, ही बाई पान बघून मातीचं पोट सांगते). तिने मका पाहिला, अहवाल पाहिला, पुन्हा मका पाहिला. वावरातलं एक ढेकूळ उचललं. पांढरट, चुनखडीचं, दगडासारखं. हातात फुटेना. मग ती थेट आमच्या घराच्या मागे परसात गेली आणि शेवग्याखाली हात घातला. माती काळी, भुसभुशीत, मुठीत धरली तर लाडू वळला आणि बोट लावलं तर मोकळा झाला. गांडुळं तर अशी की मोजायला नकोत. म्हणाली, "नवनाथकाका, अहवाल बरोबर आहे. फक्त तो इथला आहे." आणि तिने बोट दाखवलं. शेवग्याच्या बुंध्याशी अर्धा किलो मातीएवढा खळगा! त्याच्या कडेला हिरव्या बांगडीचा दुसरा तुकडा. मी खिशातला तुकडा काढून लावला. तंतोतंत बसला.

मी वळलो. आई मागे उभी होती, कोथिंबीर निवडत. मी म्हटलं, आई, तू माती बदललीस? तर ती म्हणाली, "मंग? परक्याच्या दारी ती पांढरी ढेकळं धाडायची? लोकं काय म्हनतील, कुसाबाईच्या घरात हीच माती का? पाव्हण्याला कुनी शिळी भाकर वाढतं का?" आणि कोथिंबिरीची मुळं शेवग्याखाली टाकून आत निघून गेली. दादा, सव्वीस वर्षं माझ्या टेबलावरून केसाएवढा वाकडा पार्ट पुढे गेला नाही. मोठमोठे मॅनेजर येऊन "जाऊ द्या हो" म्हणाले, मी सही दिली नाही. आणि माझ्याच ओट्यावर, माझ्या नाकाखाली, माझी माती बदलली, मी स्वतः ती नाशिकला नेली, आणि काळी की पांढरी हे सुद्धा पाहिलं नाही, कारण पिशवी शिवलेली होती! मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी गप्प बसलो असतो तर तुम्ही पोळ्याला येऊन करार फाडला असता, हे मला कळतं. पण खोट्या सर्टिफिकेटवर मी आयुष्यात कधी माल पास केला नाही, तो आता माझ्या घरचा तरी कसा करू? म्हणून खरं कळवलं. मला भीती वाटते दादा, खरंच वाटते. अण्णांचं वावर मुरुमाखाली गेलेलं मला बघवणार नाही. मका निघेपर्यंत थांबा, दसऱ्यानंतर मी पुन्हा नमुना घेतो, तो जे सांगेल ते मला मान्य. वहिनींना नमस्कार.

तुमचा (नापास झालेला)
नवनाथ

ता. क. खरं काम राहिलंच. दसऱ्यानंतर आठ दिवस आईला मनमाडला घेऊन जा. गुडघ्याचं निमित्त करा, वहिनींच्या साखरेचं करा, काहीही करा, पण ती इथे असताना मी नमुना घेणार नाही.

ता. क. २ नमुन्यासाठी कुलपाचा पत्र्याचा डबा आणलाय. किल्ली गळ्यात बांधून झोपणार आहे. यातलं एक अक्षर आईला कळता कामा नये.

ता. क. ३ घरातला डिंक संपलाय. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवून देते असं आई म्हणाली, म्हणून तिच्याकडे देतोय. बिचारी.

रविराज, हे म्या लिवलंय, तुझ्या आईनं. चौथी शिकल्याली हाय मी, तुझा भाऊ इसरला. लोकं काय म्हनतील ते म्या त्याला उगं सांगितलं. माती मेल्याली निघाली तर वावर बारा वर्सं दाबून टाकायचं, हे तू बोलला तव्हा मी आत भाकरी करीत व्हते. तुझा आवाज लय मोठा हाय. म्हनून माती बदलली. आता खरं ऐक. घर बांधलं तव्हा परसात खड्डा व्हता. तुझ्या अण्णांनी वावरातूनच चार गाड्या माती आणून त्यो भरला. तीच पांढरी ढेकळं. त्यात मेथी बी येत नव्हती. चाळीस वर्सं म्या तिच्यात शेण घातलं, राख घातली, पालापाचोळा घातला, भांड्याचं पानी घातलं. ती पांढरी व्हती, काळी झाली. मंग म्या खोटी माती कशी धाडली? वावराचीच धाडली, फकस्त म्या सांभाळल्याली. नवनाथला चाळीस नको, पाच वर्सं दे. मी मनमाडला येत नाय. मला न्यायला गाडी धाडू नको. धाडायचीच आसंल तर शेणखताची धाड.