धुळ्याचं लॅटिन

रवि. ५ जाने. १९६९
साडेसहाची एस.टी., जळगाव ते पारोळा उभ्यानेच. धुळ्याला पोचले तेव्हा फादर चर्चमागच्या खोलीत वाट बघत बसलेले, गुडघ्यांवर घोंगडी. लॅटिनचे अजून चौदा उतारे बाकी. परीक्षा एप्रिलात.
पुण्याच्या सरांनी स्वच्छच लिहिलंय : एम.ए. फ्रेंचला बाहेरून बसता, तर लॅटिनच्या पेपरची सोय तुमची तुम्ही बघा. माझी सोय म्हणजे हे ऐंशीचे फ्रेंच गृहस्थ. चाळीस वर्षं साक्रीकडच्या खेड्यांत काढली, त्यामुळे लॅटिन शिकवतात ते अहिराणीतून. "क्रियापद कोठे शे? ते धर पहिले, मंग बठ्ठं सापडी." बठ्ठं म्हणजे सगळं. सुरुवातीला हसू दाबावं लागायचं. आता व्याकरण त्यांच्याच आवाजात आठवतं.

बुध. ८ जाने.
नववी ब चे पेपर तपासले नाहीत. शब्दांच्या याद्या करत बसले.
लॅटिन फिलिया, फ्रेंच फीय. मुलगी. लॅटिन फोलिया, फ्रेंच फय. पान. मधला ल झिजून झिजून य.
तेवढ्यात चुलीपासून आई : "ठिव आता पुस्तक, डोये जातीन तुहे."
डोये. केयी. शाया. जयगाव.
होस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात 'शाया' म्हटलं होतं. वर्षभर मुली मला 'शाया' म्हणूनच हाक मारत. तेव्हा ळ जिभेवर घासून घासून बसवला. पुढे आईलाही चारचौघांत खुणावलं आहे, बोलू नकोस म्हणून. आणि तिकडे अख्ख्या फ्रान्सने ल चं तसलंच केलं, तर त्याला भाषेचा इतिहास म्हणतात. त्यावर वीस मार्कांचा प्रश्न असतो.
आईला काही सांगितलं नाही. काय सांगणार.

रवि. १२ जाने.
फादरांना आमच्या ळ चा य सांगितला. मांडीवर थाप मारून हसले. माझ्याकडून वीसेक शब्द म्हणवून घेतले, पहिल्यांदाच मोठ्याने, न लाजता. "परीक्षा व्हई जाऊ दे. मंग तुन्ही मायनं बोलनं लिख. बठ्ठं."
मोतीबिंदू वाढलाय. पुस्तक पार नाकाला लावतात. उतारा मीच वाचते, ते ऐकून चुका काढतात.

रवि. १९ जाने.
फ्रान्सहून त्यांच्या बहिणीचं पत्र. वाचून दाखव म्हणाले. बहीण मारी, ७७ वर्षांची, गावी एकटी. हवा, द्राक्षं, शेजाऱ्याचा कुत्रा, कोण कोण गेलं. मग, तू आता परत ये. मिशनवाले तिकीट द्यायला तयार आहेत म्हणे.
सगळं वाचलं. एक वाक्य सोडून.

मंगळ. २१ जाने.
ते वाक्य : 'खालची खोली झाडून ठेवली आहे, तू इथे असलास तर मरायची मला भीती वाटणार नाही.'
मुद्दाम नाही सोडलं, असं लिहिणार होते. मुद्दामच सोडलं. डोळा पुढच्या ओळीवर गेला, आणि मी जाऊ दिला. एप्रिलपर्यंत त्यांनी इथेच राहायला हवं, एवढंच डोक्यात होतं.

गुरु. २३ जाने.
आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.
"बहीण हाये नं ती त्याची?"
"हो."
"मंग सांगून टाक. तुही परीक्षा काय, पुढच्या साली बी येईन."
पुढच्या वर्षी लॅटिन कोण शिकवणार, हे तिला विचारलं नाही.

रवि. २६ जाने.
शाळेत झेंडावंदन. धुळ्याला जाता आलं नाही. बरं वाटलं, आणि तेच बरं वाटलं नाही.

रवि. २ फेब्रु.
जाताच सांगितलं, फ्रेंचमधून. मराठीत जमलं नसतं.
"वाच," म्हणाले. ते वाक्य वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. बाहेर चर्चमध्ये बायका मराठी भजनं बसवत होत्या, पेटी सारखी पुढे पळत होती.
"का बरं सोडं?"
"तुम्ही गेलात तर माझं लॅटिन राहील."
मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर... "चाल. सत्ताविसावं पान." आणि पूर्ण दोन तास शिकवलं, एक चूकही न सोडता. निघताना एवढंच : "मारी धाकली शे मन्हापेक्षा. लहानपनी तिले अंधारानं भ्याव वाटे."

रवि. ९ फेब्रु.
मारीला उत्तर. ते सांगणार, मी लिहिणार. फ्रेंच शब्द अडत होते त्यांना, मधेच अहिराणी यायची. मी फ्रेंच करून वाचून दाखवायची. "मन्ही फ्रेंच आते गंजी गयी," म्हणाले. हसायचं होतं बहुतेक, जमलं नाही.
तब्येत, डोळे, इथली माणसं. जायचं की नाही, तिथे आले आणि थांबले.
"हाई वाक्य तू लिख."
मी नाही म्हटलं. एकदा एक वाक्य काढलं आहे. आता एक घालणार नाही.

रवि. १६ फेब्रु.
आज ते वाक्य सांगितलं त्यांनी. एका दमात. पण फ्रेंचमध्ये 'मी येईन' आणि 'मी आलो असतो' यांत शेवटच्या एका अक्षराचाच फरक. 'आलो असतो'ला शेवटी एस, तोही फक्त कागदावर. फादरांच्या तोंडी दोन्ही अगदी सारखंच ऐकू येतं.
"येईन, की आलो असतो?" विचारलं.
त्यांचं खिडकीकडे तोंड. पुन्हा विचारलं.
"पुढला रविवारले सांगसू."
मग उतारा घेतला. आज एकही चूक काढली नाही त्यांनी. माझ्या निदान तीन झाल्या होत्या.
पत्र माझ्याकडेच आहे, क्रियापदासकट लिहिलेलं, पुढे एसपुरती जागा सोडून. परतीच्या गाडीत लक्षात आलं : हे असंच, एस न जोडता पोस्टात टाकलं, तर तिकडे 'मी येईन' असंच वाचलं जाईल.
पाकीट चिकटवलेलं नाही.