सबनीसांची माकडं

शनिवार संध्याकाळ, अल नहदा

ऊद मेथ्याच्या मराठी मंडळातून घरी आलो, पण अजून धुमसतोय. मंडळात आधी माझा विनोदी लेख झाला. लोक कसनुसं हसले. मग सबनीस उठले. पेशाने ऑडिटर, ग्वाटेमालाला सुट्टी घालवून आले आणि थेट माया संस्कृतीवर बोलले! माझी लेक ईरा मोबाइल उलटा ठेवून ऐकत होती. उलटा! माझ्या वेळी सुलटा होता, आणि चालू.

सबनीसांची गोष्ट अशी: दोन थोरले भाऊ मोठे कलावंत, पण धाकट्यांवर जळायचे. धाकट्यांनी त्यांना झाडावर चढवलं. लंगोट्यांच्या शेपट्या झाल्या आणि दोघांची माकडं.

परत येताना गाडीत मी म्हणालो, "इंटरनेटवरून उचललंय सगळं."

"बाबा, यू आर सो जेलस. शेपूट दिसतेय."

मी एसी वाढवला.

"बट तिथले लेखक त्याच माकडांना देव मानायचे."

"हे कधी सांगितलं त्यांनी?"

"यू वॉक्ड आउट फॉर चाय."

खलास. म्हणजे नेमकं माझ्या कामाचं तेवढंच हुकलं. आणि सांगायचं तर चहाही गार होता.

ईराला हाक मारून हे पान वाचून दाखवू का? मोबाइल उलटा ठेवेल?