रेणेच्या अलीकडची लाल तोंडं

चि. सृष्टीस मामाचे अनेक आशीर्वाद. नांदेडात तू खुशाल असशील, निदान तसं कळवतेस तरी. फोन न करता पत्र लिहितोय, कारण मी फोन उचलला की तुझी मामी दाराआड येऊन उभी राहते (आत्ताही तांदूळ निवडायच्या निमित्तानं समोरच बसली आहे).

ब्राझीलचं जंगल पाहून आल्यावर तू फोनवर सांगितलंस, की तिकडं मोठ्या नदीच्या एका काठाला एका जातीचं माकड, तर पलीकडच्या काठाला दुसरंच. नदी ओलांडता येत नाही म्हणून पिढ्यान् पिढ्या आपापल्या काठानं राहतात. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या रेणा नदीच्या अलीकडं कायम काळतोंडी वानरं, लाल तोंडाची माकडं पलीकडं, नरसिंगरावांच्या गावात. मग यंदा माझ्या हरभऱ्यात लाल तोंडाची टोळी आली कशी? कुणीतरी टेम्पोत घालून आणून सोडली, दुसरं काय! आणि टेम्पो कुणाकडं? नरसिंगरावांकडं. (त्यांच्या टेम्पोच्या हौद्यात केळीची सालंही दिसली. त्यांचा व्यापारच केळीचा आहे म्हणा, पण असल्या माणसाकडं कारण तयार असतंच.)

आता नरसिंगराव म्हणजे आपल्या शिवकन्येचे होणारे सासरे. रविवारी सुपारी फोडायला पाहुण्यांना घेऊन आले. चहा घेता घेता मी सहज विचारलं, टेम्पोत एका खेपेला माकडं किती मावतात? मग तुझं शास्त्रही समजावलं, ब्राझीलसकट. “आमाला माकडं सोडणारे म्हणता व्हय?” एवढं बोलून ते उठले. सुपारी ताटात तशीच राहिली. मनात काही नसतं तर माणूस इतका चिडला असता का?

तेव्हापासून शिवकन्या जेवायला वाढते, पण बोलत नाही. पोरीचं उतरलेलं तोंड बघवत नाही गं. म्हणून पुरावा मिळवायला काल सकाळी नदीवर पाळत ठेवून बसलो. ती भाकरी घेऊन आली, तेवढ्यात लाल तोंडाची टोळी नव्या बंधाऱ्यावरून रांगेनं अलीकडं आली, पिल्लं पोटाशी धरून. शिवकन्या म्हणाली, “बाबा, माकडं चालत येऊन राहिली, अन् तुमी माजी सोयरीक मोडून राहिलात.” (बंधाऱ्यासाठी तहसीलला खेटे मीच घातले होते, हे तिला अजून आठवलेलं नाही.)

तुझा मामा,
सटवाजी

ता. क. नरसिंगरावांना तू लिही, की शास्त्रच चुकलं, मामांचा दोष नाही. मग सुपारी घेऊन मी स्वतः त्यांच्या दारी जातो. बंधाऱ्यावरूनच.

ता. क. दुसरा. त्या दिवशी तू “पण मामा...” म्हणालीस आणि मी फोन ठेवून टेम्पो बघायला पळालो. पुढं काय म्हणणार होतीस, ते शिवकन्येला कळू देऊ नकोस.