जीपमागची होळी

खालची वाडी, देवरुखमार्गे
दि. २ फेब्रुवारी १९८६

चि. शिवा यास महिपतदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व कुशल. काजूचा मोहोर बरा आहे, म्हैस व्याली, तुझी वहिनी माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे प्रकृती उत्तम. मुख्य बातमी वेगळी. काल गावकी बसली. वरच्या वाडीचा रघू उठून म्हणाला, खालच्या वाडीत आता नऊच गडी उरलेत, त्यातले चार काठी टेकतात. शिमग्याला होळीचं झाड रानातून सहाणेच्या चौथऱ्यावर आणायचा मान यांनी आम्हाला सोडावा. तुम्ही सगळे मुंबईला, रजा मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. आपली माणसं खाली बघत बसली. मग मी उठलो. सांगितलं, यंदा झाड माझ्या जीपमागून येईल. देवाची पालखी सहाणेवरून उठायच्या आत पोचलं नाही, तर मान कायमचा तुमचा.

जीपचा मूळ हूक अगदीच शोभेचा होता, तो काढला. चासीला मागून आडवा चॅनल, त्यावर चार सुती, म्हणजे अर्धा इंच जाड लोखंडी पट्टी, आठ बोल्ट. बंदरावरच्या अयूब भंगारवाल्याकडून एका ट्रॉलरचा हूक आणला. लोहार म्हणाला चार बोल्ट पुरेत. मी आठ मारून घेतले. अर्धा टन ओढणारी जीप आता दीड टन ओढेल. हिशेब माझा स्वतःचा आहे.

लोभ आहेच, त्यात थोडा विश्वासही मिसळावा.
महिपत


लालबाग, मुंबई
दि. ११ फेब्रुवारी १९८६

ती. दादास शिवाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आपल्या वाडीच्या खोलीत मोठ्याने वाचलं. गावचं पत्र एकट्याने वाचायची इथे सोय नाही. मान जाणार हे ऐकून जेवणारे हात थांबले. खोलीतला दादू म्हणाला, मान गेला तर शिमग्याला कुठल्या तोंडाने जायचं? मग बोल्टांचा हिशेब आला, तेव्हा पुन्हा जेवू लागले.

रागावू नका, पण नऊ वर्षं गॅरेजात घालवली म्हणून लिहितो. बैलाला जाड कासरा बांधला म्हणून बैलाचं बळ वाढत नाही. हूक दीड टनाचा झाला तरी क्लच आणि ब्रेक मूळचेच. शिवाय उतारावर झाड मागून ढकलेल, आणि झाडाला ब्रेक नसतो. खोलीतल्या सात जणांना रजा मिळाली आहे. मालक मला सोडत नाही, त्याचं वाईट वाटतं. त्या सातांच्या खांद्यांवर झाड आणा, हूक राहू द्या.

वहिनीस नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी.
आपला शिवा


खालची वाडी
दि. २३ फेब्रुवारी १९८६

चि. शिवा यास अ. उ. आ.

पत्र तुला लिहिलं होतं, खोलीला नव्हे. असो. तू दुसऱ्यांनी मोडलेलं दुरुस्त करतोस, मी न मोडणारं बनवतो, हा आपल्या धंद्यातला फरक. ब्रेकना नवे लायनर घातले. मागच्या स्प्रिंगांना एकेक पाटा वाढवला. चढावर पुढची चाकं उचलू नयेत म्हणून पुढल्या बंपरवर जांभ्या दगडाचे दोन चिरे बांधले. खांद्यांचं म्हणशील तर मी गावकीत शब्द जीपचा दिला आहे, सात पोरांचा नाही.

अडचण आपल्या भागोजीकाकांनी काढली. झाड जमिनीला टेकता कामा नये, आणि बुंध्याला पहिला खांदा त्यांच्या घराण्याचा. दोन्ही सोडवलं. शेंड्याखाली जुन्या बैलगाडीची चाकं येतील. बुंधा हुकाला साखळीने टांगला जाईल, आणि काका जीपच्या मागल्या फळीवर उलटे बसून त्याला खांदा लावतील. त्यांनी उशी मागितली, ती मंजूर केली. परसातल्या फणसाच्या खोडावर चाचणी घेतली. पूर्ण यशस्वी.

लोभ कमी करू नये, शंका मात्र कमी कराव्यात.
महिपत


खालची वाडी
दि. ९ मार्च १९८६

शिवाभावोजींस सावित्रीचा नमस्कार वि. वि.

हे बाजाराला गेलेत म्हणून चार ओळी लिहिते. चाचणीत खोड उपटून आलं हे खरं. पण फणसाची मुळं माझ्या न्हाणीखालून गेली होती, ती न्हाणीही आली. पंधरा दिवस मी शेजारच्या राहीकडे आंघोळीला जाते आणि सगळी वाडी मला हुकाची खुशाली विचारते. मी बोलले तर म्हणाले, यावरून त्याची ताकद लक्षात घे.

हसू नका. यांना रात्री झोप लागत नाही. मान गेला तर माझ्या हातून गेला असं होईल, एवढंच एकदा म्हणाले आणि कूस बदलली. तुमची ती सात पोरं नक्की धाडा, पण मी लिहिलं म्हणून नको.

आपुलकी ठेवावी.
सावित्री


खालची वाडी
दि. २ एप्रिल १९८६

चि. शिवा यास अ. उ. आ.

सात जण परत पोचले असतील आणि खोलीत नाटक रंगलं असेल. म्हणून खरी हकिकत लिहितो.

रानातून चढावर जीपने झाड असं ओढलं की ढोलवाले मागे पडले. उतारावर ब्रेकनी धरलं. भागोजीकाका खांदा लावून एखाद्या राजासारखे उलटे बसले होते. शेतातल्या मांगराजवळ वाट गडग्यांच्या दोन दगडी भिंतींमधून काटकोनात वळते. तिथे जीप वळली. झाड वळलं नाही. मी बोल्ट मोजले, पाटे मोजले, झाडाची जाडी मोजली. वळण रोजचंच, ते मोजायचं सुचलं नाही. खांद्यावरचं झाड गडग्यावरून उचलून नेता येतं, हे मी विसरलो. शेंडा एका गडग्यात, जीप दुसऱ्याला टेकलेली, आणि साखळी इतकी ताठ की निघेना. हूक तसूभरही वाकला नाही, हे मुद्दाम लिहितो.

सहाणेवर पालखी थांबलेली. रघू गडग्यावर चढून बसला आणि फार नम्रपणे म्हणाला, महिपतशेट, होम इथेच पेटवायचा का, जीपसकट? तेवढ्यात पुजाऱ्याने निरोप धाडला की देव ताटकळला आहे, आणि तो दोन्ही वाड्यांचा देव आहे. रघूने शिवी हासडली, धोतर खोचलं आणि आपली माणसं जीपला लावली. त्यांनी जीप उचलून मागे घेतली, साखळी सैल पडली, आपल्या पंधरा जणांनी झाड खांद्यावर घेऊन गडगा ओलांडला. जीप मध्ये ठेवली असती तर मागच्या लोकांची वाट अडली असती, म्हणून त्यांनी ती तशीच खांद्यावर सहाणेपर्यंत नेली. मी आतच होतो. उतारावर चालकाने ब्रेकवरचा पाय काढू नये, हा नियम आहे.

पालखी उठायच्या आत झाड उभं राहिलं. मान राहिला! पण परवा गावकीत रघू पुन्हा उठला. म्हणाला, झाडाचा मान यांचा, कबूल. पण जीप आम्ही वाहिली, तो मान आमचा. सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आपल्या गावात शिमग्याला एकदा घडलं ते रीत झालं. मी हूक काढून टाकतो म्हणालो, तर अंगावर आले. त्यावर नारळ फुटलाय म्हणे. आता दर वर्षी जीप झाडापुढे मांगरापर्यंत जायची, आणि तिथून वरच्या वाडीने ती मला आत बसवून सहाणेवर वाहायची.

झाडाला पंधरा खांदे पुरले. जीपला चोवीस लागतात, बंपरवरचे चिरे धरून. रघूच्या वाडीचीही पोरं मुंबईलाच, त्यामुळे त्याला खांदे कमी पडताहेत. काल तो स्वतः घरी आला, चहा घेतला आणि खालच्या वाडीतला एखादा गडी उसना द्याल का, असं विचारलं. गाडी कुठे धरावी हे कळणारा हवा म्हणाला. मी तुझं नाव सांगितलं. मागचं डावं चाक तुझं. मालकाला आजच सांगून ठेव.

वहिनी आशीर्वाद सांगते. न्हाणी बांधून झाली.
लोभ वाहता ठेवावा.
तुझा दादा
महिपत