शोभाच्या छातीतलं पाणी

६ जाने., मंगळ.
शोभा सकाळपासून उजव्या बरगडीवर हात धरून. श्वास घेतला का चमक निघते. "आतून घासल्यासारखं दुखते वो." म्हटलं, हंडा उचलला असंल. तेल गरम करून चोळलं.

११, रवि.
दुखणं गेलं! दुकानात गर्दी, चार बोकड खपले, तरी मन हलकं. यवतमाळच्या दवाखान्यात जाणं रद्द.

१८, रवि.
भाकर थापता थापता थांबली. दम. आडवं होता येत नाही, बसूनच झोपते. मले भेव वाटून राह्यलं.

१९, सोम.
जीपनं यवतमाळ. छातीच्या एक्स-रे फोटोत उजवी बाजू अर्धी पांढरी. डॉ. मॅडमनं कागदावर काढून दाखवलं. एक पातळ पडदा फुफ्फुसावर, दुसरा बरगड्यांच्या आतून, मधी जराशी ओल. म्हटलं, मॅडम, माझं मटणाचं दुकान हाय, आमी झिल्ली म्हणतो त्याले. त्या म्हणे, "पडदे सुजून एकमेकांवर घासत होते म्हणून दुखत होतं. मध्ये पाणी भरलं, घासणं थांबलं."
म्हंजे मी खूश होतो तवा पाणी भरून राह्यलं होतं. आठ दिवस! वीस वर्सं रोज झिल्ली हाताखाली, अन् घरातलीची...

२०, मंगळ.
पाठीतून सुई. शोभा टेबलावर ओणवी. बरगडीच्या खालच्या कडेनं नस जाते, रोज कापतो मी. ओरडलोच, "खालून नका टोचू!" मॅडम म्हणे, "बरगडीच्या वरच्या कडेवरूनच जातो आम्ही. तुम्ही बाहेर बसा." बसलो. दीड लिटर निघालं, लालसर.

२८, बुध.
पाण्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर. लिहिलं एकदाचं. शोभाले मीच सांगतलं. ती म्हणे, "जेवले का तुमी?"
पाणी पुन्हा भरलं. मॅडम म्हणे, आत औषध सोडून दोन्ही पडदे चिकटवून टाकू, पाण्याले जागाच नाही उरणार. मी गारच पडलो. बरगडीले चिकटलेला फेफडा निघाला का आमी फेकून देतो, जनावर बिमार होतं म्हणतो. अन् हे मुद्दाम चिकटवणार. सही केली.

२ फेब्रु., सोम.
छातीत नळी, पलंगाखाली बाटली. फुफ्फुस पुरं फुलून बरगड्यांले टेकलं तरच औषध सोडणार. उद्या फोटो. नाही फुललं तं? इचारलं. मॅडम म्हणे, उद्या पाहू.
शोभा म्हणे, "फुललं असंल का वो? तुमी तं रोज पाह्यता."
"मेलेलं पाह्यतो मी, शोभे. जितं कधी पाह्यलं नाही."
निघून गेलं तोंडातून. ती हसली. हसताना नळीतलं पाणी वरखाली झालं, मी तेच पाहत बसलो. फोटो सकाळी नऊले.