मोठ्या शिडाची शिवण

ता. १८, मंगळवार, दुपार

आत्या,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ वगैरे लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, शाळा सोडली आणि आता शहाणपण सुचतंय. म्हणून नुसता नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या बोट शिकवणाऱ्या शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कनं तुझा निरोप दिला. आपण शिवून दिलेली शिडं कशी चालली ते कळव, आणि तू कधी येतेस ते कळव. दोन्ही सांगते. पण जरा दमानं सांगते, कारण खरंच दमलेय. अक्षर एवढं मोठं का, म्हणून हसू नकोस. बोट हलते, म्हणून मोठं काढलंय.

इथे बोटीवर झोपायला एक फळी आहे, आपल्या कापडाच्या मांडणीएवढी रुंद. कूस बदलायची तर आधी विचार करावा लागतो. वरच्या फळीवर कॅशियरकाका. बँकेतून निवृत्त झालेत, आणि घोरतात तेही नोटांचं बंडल सोडल्यासारखं, फर्र फर्र, मग थांबतात, मग पुन्हा पहिल्यापासून. समोर दाताच्या डॉक्टर, त्यांना मी डॉक्टरताई म्हणते. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तोंड कमी उघडतेस म्हणून दात नीट राहिलेत. आणि बोट चालवायला शिकवणाऱ्या बाई. एवढीच माणसं. कपडे वाळतच नाहीत. सकाळी ओले मोजे घालताना रोज रडू येतं, मग दिवसभर नाही येत.

दोर ओढून हात भरून येतात. पण हाताचं काही नाही, हात मला तू दिलेत. गाठी मी सगळ्यांच्या आधी शिकले. नकाशा, वाऱ्याची दिशा, तेही जमलं. अडलं ते एकाच ठिकाणी. तुला माहितीये कुठे.

सुकाणूवर जो उभा असतो त्यानं सांगायचं असतं आणि बाकीच्यांनी करायचं असतं. मी सांगायचं, आणि काकांनी करायचं! आपल्या दुकानात तू पुढे बोलतेस आणि मी मागे शिवते, ते बरं होतं. इथे मागे कुठे जागाच नाही, मागे पाणी. पहिल्यांदा सुकाणू हातात आलं तेव्हा मी म्हटलं, काका, तुम्हाला जमत असेल तर जरा तो दोर धराल का. वाक्य संपेपर्यंत बोट दुसरीकडेच गेली होती. बाई म्हणाल्या, ‘जमत असेल तर’, ‘जरा’ आणि ‘का’, तिन्ही पाण्यात टाक आणि उरेल ते बोल.

मग परवा धक्क्याला बोट लावताना वेगळंच झालं. काका पुढे, खुंटीला दोर अडकवून उभे. वारा समोरून. मला वाटलं ते सोडतायत, म्हणून मी सगळा जीव एकवटून ओरडले, “काका, सोडू नका.” काकांनी लगेच सोडला. बोटीचं तोंड फिरलं, कडेचा पत्रा भिंतीला घासला, धक्क्यावरची माणसं उठून बघायला लागली. मी लालेलाल. काका म्हणाले, मला तर ‘सोडू’ एवढंच ऐकू आलं. वाटलं पोरगी विचारतेय, सोडू का. म्हटलं सोड बाई, आणि सोडला.

सगळे हसले. बाई नाही हसल्या. त्या म्हणाल्या, आपल्या बोलण्यात ‘नाही’ शेवटी येतं, आणि वारा शेवटचंच खातो. म्हणून बोटीवर ‘सोडू नका’ म्हणायचं नाही, ‘धरा’ म्हणायचं. काय करायचं नाही ते मनात ठेव, करायचं ते सांग.

त्या दिवसापासून कॅशियरकाका जेवताना मुद्दाम म्हणतात, मॅडम, भात वाढू... आणि थांबतात. मी ‘वाढा’ म्हणेपर्यंत वाढत नाहीत. एकदा मी उपाशीच उठले असते.

हे सगळं मी लांबण लावतेय ते तुला कळलं असेल. तू म्हणतेस ना, पोरगी एकदम एवढं बोलायला लागली की समजावं काहीतरी लपवतेय.

शिडांचं सांगते.

काल माझी परीक्षा होती. सकाळपासून सुकाणू माझ्याकडे. बाई दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या, म्हणजे चुकून मदत व्हायला नको. जाताना सगळं छान झालं. परत येताना वारा चढला, म्हणजे फार नाही, असतो तेवढाच. बंदराच्या तोंडाशी दगडांचा बांध आहे, त्याच्या बाजूनं वळायचं होतं. वळले, मोठं शीड फुगलं, आणि आवाज आला.

आत्या, कापड फाटतं तो आवाज वेगळा आणि शिवण उसवते तो वेगळा. हे बोटीवर मला एकटीलाच माहीत होतं. बाकीच्यांनी वर बघितलं. मला बघायची गरजच नव्हती.

शीड कडेपासून मधपर्यंत उघडलं. बोटीचा जोर गेला आणि वारा आम्हाला दगडांकडे ढकलायला लागला. डॉक्टरताई इंजिनाच्या किल्लीकडे धावल्या, पण एक दोर पाण्यात लोंबत होता, तो बोटीखालच्या पंख्यात अडकला असता तर इंजिनही गेलं असतं. मी म्हटलं, ताई, थांबा. काका, दोर आत घ्या. ताई, आता शीड खाली. काका, पुढचं शीड धरा. एवढंच बोलले. कोणी ‘का’ विचारलं नाही. दोर आत आला, मग इंजिन लावलं. दगडांवरचं शेवाळ दिसत होतं इतके जवळ होतो. मग लांब गेलो. बाईंचे हात मांडीखालून निघाले होते, पण त्यांनी कशालाच लावले नाहीत.

धक्क्याला बोट बांधून झाली आणि मी प्रत्येक गाठ दोनदा तपासली.

मग बाईंनी शीड धक्क्यावर पसरलं. तू बघितलं असतंस तर, नाही, थांब. नीट लिहिते. हातभर शिवण एकाच थरावर चाललीय. दुसरा थर सुईखाली आलाच नव्हता. टाके एकदम सरळ, एकसारखे, तुझेच. फक्त दुसऱ्या थराच्या बाहेर. मी तापानं पडले होते तो आठवडा आठव. तेव्हा तू एकटीनं उरकलंस ते हे शीड.

बाईंनी विचारलं, हे कोणी शिवलं. मी म्हटलं, मी.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, शिकताना होतं. काका म्हणाले, शीड फाडलंस तूच आणि बोट परत आणलीसही तूच, हिशेब मिटला. बाईंनी माझ्या कागदावर सही केली. म्हणजे मी पास झाले, आत्या. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण तेव्हा लिहावंसं वाटलं नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. दुकानाला या लोकांचंच काम आहे आणि तू त्याच्या भरवशावर आहेस, हे मला कळतं. मी ‘मी’ म्हटलं ते त्यासाठीच. पण संध्याकाळी शेजारच्या बोटीवर नवीन मुलं शीड चढवत होती. आज सकाळी ती जायची होती. माझ्याहून लहान आहेत, एकाला तर पोहताही येत नाही. पुढचं शीड पिशवीतून निघालं आणि मी ओळखलं. त्याच आठवड्यातलं.

मी भांडी घासत होते. तेच पातेलं कितीतरी वेळ घासत राहिले. मला तू दिसत होतीस. चहा ओतताना कपात बोट घालून बघतेस, भरला का. गिऱ्हाईक दारात आलं की आधी बोलायला लावतेस, मग नाव घेतेस. सुई माझ्याकडे देतेस आणि म्हणतेस, ओव गं, तुझे डोळे कोवळे आहेत. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. आपल्या घरात बोलणारी तू. तू गप्प, म्हणजे मला वाटलं गप्प बसायचं असतं.

हात पुसले आणि बाईंकडे गेले.

“बाई, ती शिवण माझी नाही. आत्याची आहे. तिला नीट दिसत नाही.”

त्यांनी विचारलं, मग तिथे ‘मी’ का म्हणालीस. उत्तरासाठी थांबल्या नाहीत. उठल्या आणि शेजारच्या बोटीवर गेल्या. सगळी शिडं उतरवली, धक्क्यावर पसरली, आणि मी गुडघ्यांवर बसून शिवणीवरून बोट फिरवत गेले. पुढच्या शिडाचंही तसंच होतं. बाकीची चांगली निघाली. ती मुलं आज गेली नाहीत. एकानं मला विचारलं, ही कोणी शिवली. तेव्हाही मी गप्प बसले. सगळं एका दिवसात होत नाही.

अक्षर बोटीमुळे मोठं नाहीये. सकाळी खिडकीत बसून वाच. शेजाऱ्यांना वाचायला देऊ... म्हणजे, तू स्वतःच वाच.

आता मी कधी येते ते. शुक्रवारी यांचा टेम्पो आपल्याकडची शिडं न्यायला येईल, शिवलेली आणि न शिवलेली सगळी. ती दुसरीकडे जाणार. बाई म्हणाल्या, ताडपत्र्या आणि बोटींवर घालायची झाकणं आत्याकडेच ठेवू, पण ती भाचीनं शिवायची. शिडं नाहीत. मी विनवलं नाही. मला तू इतक्या वर्षांत शिवण उसवायला शिकवलंस, चुकलं की आधी उसव म्हणायचीस. उसवलं.

टेम्पोत मी असेन. ड्रायव्हरच्या शेजारी, म्हणजे तू दारात उभी असलीस तर आधी मीच उतरेन. दुकानाचं नाव मी घालवलं असं तुला वाटेल. गिऱ्हाइकासमोर बोल, हमालासमोर बोल, मी ऐकून घेईन. बाईंनी या हंगामात बोटीवर राहतेस का म्हणून विचारलंय. मला राहायचंय, ताडपत्र्या मधून मधून येऊन शिवीन. हेही समोर येऊन सांगणार होते, पण मग सांगितलंच नसतं, म्हणून लिहून ठेवते.

मोठ्या मशीनची वायर काढून ठेव. शनिवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. वेळ घेतलीय. फोनवर दवाखान्यातल्या बाई म्हणत होत्या, पुढच्या महिन्यात या. मी म्हटलं, याच शनिवारी, आणि त्या तुझं नाव लिहून घेईपर्यंत फोन धरून उभी राहिले.

तुझ्याच हातची,
भाची