निघणारा गट

५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सेंद्रिय रसायनात मी पुन्हा तोंडावर आपटले. आता तोंडी परीक्षा तेवढी उरली, तीही बुडाली तर कॉलेजातून नारळ. कार्बनवरचा जुना गट जाऊन नवा येतो तो नेमका कसा, असं सरांना विचारलं की ते फळ्यावर वाकडे बाण काढतात आणि घाम पुसतात. म्हणून मी घरातलीच माणसं कार्बनला चिकटवली.

प्रकार पहिला, एका दमात: नवा पाठीमागून शिरतो, त्याच क्षणी जुना बाहेर. राग मानू नकोस, पण उदाहरण म्हणून तुझं नि काकांचं घर घेतलंय. नर्सबाई आत, तू बाहेर. तुझं नाव निघालं की आई अजून डोळे पुसते आणि त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. प्रकार दुसरा, दोन टप्प्यांत: जुना आधी आपणहून जातो, नवा मागाहून येतो. याला मात्र आपल्या खानदानात कुणी सापडेना. तू रंगाच्या कारखान्यात रसायनांतच असतेस, एखादं उदाहरण धाड.

भाचीवर माया असू दे, अक्कल नसली तरी.

तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कार्बन बरोबर, उदाहरण साफ चूक. प्रकार वेगावरून ओळखायचा. नव्याचं प्रमाण वाढवून बघ. वेग वाढला तर काम एका दमातलं. ढिम्म राहिला तर दोन टप्प्यांचं, कारण तिथे सगळं निघणाऱ्यावर असतं. काकांच्या दारात दहा नर्सबाया उभ्या केल्या असत्या, तरी मी निघाले तेव्हाच निघाले असते. ती बिचारी त्यांचं बीपी मोजायला आली, तोवर मी इथे खोली घेऊन स्थिरावले होते. तुम्हाला दोन्ही बातम्या एकदमच कळल्या, म्हणून तुम्ही जोडणी केलीत.

आधी निघतो कोण? जो सुटल्यावर एकटा स्थिर राहू शकतो. त्यालाच चांगला निघणारा गट म्हणतात. पाठ करू नकोस, समजून घे. मी इथे मजेत आहे गं.

अभ्यास कर, आणि माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी

२१ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं विचारलं, चांगला निघणारा गट कोणता. माझ्या तोंडून निघून गेलं की माझी मावशी. सरांना ठसका लागला. बाईंनी चष्मा काढून कारण विचारलं. मग मी सगळं सांगितलं, वेगासकट, नर्सबाईंसकट. बाई हसल्या नाहीत. मार्क मांडले आणि तुझा पत्ता मागून घेतला. तिकडे खोली केवढ्या भाड्याने मिळते, तेही विचारलं.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आधी भडकली, उगाच शिव्या वाया गेल्या म्हणून. मग पत्र ओढून घेतलं आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इतकी वर्षं आम्ही तुझ्यासाठी रडलो, मावशी, आणि तुला एकदाही विचारलं नाही. मला फार लाज वाटली.

आमच्यावरचा लोभ तेवढा सोडू नकोस. आम्ही काही एकटे स्थिर राहणाऱ्यांतले नाही.

तुझी भिंगरी